स्टेन्सिल

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये,
पंधरा वर्षं मी पेट्यांवर बंदरांची नावं छापते.
टिनाचा पत्रा, पत्र्यात कोरलेली इंग्रजी अक्षरं,
वरून काळा रंग. ब्रश उभा धरायचा,
नाहीतर रंग पत्र्याखाली शिरतो
आणि रॉटरडॅमला मिशा फुटतात.

एवढाच माझा भूगोल.
रॉटरडॅम म्हणजे नऊ अक्षरं, मध्ये दोन टी जुळे.
जेनोवा आखूड, रंग कमी लागतो.
आत पंपाच्या बॉड्या, ग्रीस फासून निजवलेल्या.

मग तांबड्या समुद्रात कुणी कुणावर काय सोडलं
आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली.
धाकट्या किल्लेदारांनी ऑफिसात नकाशा लावला.
निळ्या पेनानं एक रेघ:
मुंद्रा, आखात, मग वाळूतून रेल्वे, परत समुद्र.
लाल पेनानं दुसऱ्यांची रेघ, डोंगरांवरून.
"हा कॉरिडॉर झाला ना, की आपण सुटलो."
यात बेळगाव कुठाय, विचारलं.
त्यांनी टाचणी टोचली.
टाचणीचं डोकं खानापूरपासून गोकाकपर्यंत
सगळं झाकून बसलं.

कॉरिडॉर मला एकच ठाऊक, सिव्हिल हॉस्पिटलचा.
आत्याबाईंचं स्ट्रेचर तिथं रात्रभर होतं.
घाईतली माणसं दोन्हीकडून येतात,
थांबलेल्याला भिंतीकडे सरकवतात.

मार्चात एका रात्रीत तिकडच्या सरकारनं जकात वाढवली.
बेचाळीस पेट्या छापून तयार होत्या.
रुद्रगौडानं फोर्कलिफ्टवरनं एकेक परत आणली,
"काय गं रेणुका, माघारी आल्या की तुझ्या पोरी!
आता कुठं देऊलीस?"
सगळ्या शेडनं हसून घेतलं.
ठेका एक महिना बंद राहणार, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

सँडपेपर घेऊन बसले.
पाइनचं लाकूड मऊ, रंग रेषांत उतरतो.
वरचं जातं, आतलं राहतं.
मामंजी पाट्या रंगवायचे. खडेबाजारातल्या
एकाच दुकानाची पाटी त्यांनी सात वेळा लिहिली,
दोन वेळा या लिपीत, तीनदा त्या, मग दोन्हीत,
मग कुणी डांबर फासलं म्हणून पहिल्यापासून.
म्हणायचे, "पयलं नाव जात न्हाय, बाय.
सांजच्या उन्हात तिरकं बघ."
मी पेटीकडे तिरकं बघितलं.
होतं.

डिसेंबरात कोगनोळीला बशी अडवल्या.
नाक्यावर उतरवलं सगळ्यांना.
डोक्यावर बॅग घेऊन आम्ही कागलच्या बाजूला चालत होतो,
बायका, परीक्षेची पोरं, एक नवरदेव मुंडावळ्या हातात धरून.
मागनं हॉर्न वाजला.
आमचाच कंटेनर. मल्लिकार्जुन चालवत होता.
पोलिसानं सीलचा नंबर वाचला,
स्वतःच्या हातानं बॅरिकेड बाजूला केलं,
वर सॅल्यूटसारखं काहीतरी केलं.
मल्लिकार्जुननं मला बघितलं, नजर चुकवली.
आत माझी अक्षरं बसून गेली.
मी पायी.

भट्टीचा कोळसा चीनमधून यायचा, पोत्यांतून.
आता येत नाही, कागदांचं काहीतरी आहे
दोन मोठ्या घरांमधलं.
शेवटच्या खेपेची रिकामी पोती मी पायपुसण्याला नेली.
धुवायच्या आधी एकावर नीट पाहिलं:
आपल्याला न कळणारी चार मोठी अक्षरं, स्टेन्सिलनं मारलेली.
तिसऱ्याला खाली मिशी फुटलेली.

म्हणजे तिकडच्या बाईचा ब्रश
त्या दिवशी तिरका झाला होता.
की बापयाचा. काय माहीत.
की सुट्टी जवळ आली असेल, हात दुखत असेल,
की कुणी हाक मारली असेल मागून.

बोट ओलं करून मी ती मिशी घासून बघितली.
हलली नाही.
मग पोतं तसंच घडी करून
फळीवर ठेवलं.